टेबल सॉसाठी घरच्या घरी टेपरिंग जिग: पाय निमुळते करायचेत, बोटं नाहीत

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल फिरतं ब्लेड वर आलेलं करवतीचं मशीन, घेतल्यावर पहिले सहा महिने माणूस नुसत्या सरळ पट्ट्या फाडत बसतो, मीही तेच केलं. मग कधीतरी घरातनं फर्माईश येते की एक छोटा टीपॉय कर, आणि आपण चार चौकोनी पाय ठोकून तो उभा करतो आणि जरा लांब जाऊन बघितलं की तो टीपॉय न दिसता शाळेतला बाक दिसतो. कारण एवढंच की पाय वरपासून खालपर्यंत सारखेच जाड असतात. तेच पाय आतल्या दोन बाजूंनी खाली निमुळते केले की त्याच मापाचा, त्याच लाकडाचा टीपॉय एकदम हलका वाटायला लागतो.

आपले मिस्त्री हे काम रंध्याने करतात आणि झकास करतात. रेष मारली, पाय शिकंजात धरला, पंधरा-वीस मिनिटांत एक बाजू तयार. पण त्यांचा हात बसलेला असतो. आपण नवशिके एक पाय नीट करू, चारही सारखे येतील याची गॅरंटी नाही, म्हणून जिग. जिग म्हणजे मोठं काही नाही हो, पायाला ठराविक तिरकस जागी घट्ट धरून ब्लेडच्या समोरून सरळ नेणारी एक पाटी.

इंटरनेटवर शोधलंत तर पहिल्यांदा दिसेल तो बिजागरीवाला प्रकार: दोन लांब पट्ट्या एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या, कंपासपेटीतल्या कंपाससारख्या उघडतात, तेवढा कोन ठेवून लॉक करायचं आणि फेन्सला, म्हणजे टेबलवरच्या सरळ कठड्याला, लावून ढकलायचं. तो बनवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला सोपा आहे, अर्ध्या तासात होतो, मी पण आधी तोच केला होता. पण त्यात पायाला वरून धरणारं काहीच नसतं, एका हाताने पाय जिगला दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने जिग ढकलायचं, आणि काप संपता संपता दाबणारा हात ब्लेडच्या फारच जवळ येतो. टीपॉयचा पाय मधेच एक-दीड मिमी सरकला, ब्लेडला बाजूने घासला, आणि जो आवाज आला तो ऐकून शेजारचे काका बाल्कनीत आले. बोटं शाबूत राहिली, पाय मात्र वाया. त्याच दिवशी बिजागरी काढून कपाटाच्या दाराला लावली.

त्यामुळे आपण करणार आहोत ते स्लेडसारखं, म्हणजे टेबलवर सरकणाऱ्या पाटीसारखं जिग. खाली प्लायचा बेस, बेसच्या पोटाला एक रनर, म्हणजे पट्टी, जी टेबलवरच्या माइटर स्लॉटमधून (ब्लेडला समांतर असलेल्या खाचेतून) सरकते, वर एक हलवता येणारी फेन्स, आणि पायाला वरून दाबणारे दोन टॉगल क्लॅम्प.

आधी ही एक गोष्ट डोक्यात बसवा

नवीन लोक विचारतात, कोन किती ठेवायचा? कोन मोजायचाच नाही. जिग तयार झालं की ते एकदा ब्लेडमधून न्यायचं, मग बेसची जी कड कापली जाईल ती कड म्हणजेच ब्लेडची रेष. त्यापुढे आयुष्यभर, म्हणजे ब्लेड तेच आहे तोपर्यंत, पायावरच्या खुणा त्या कडेवर आणून ठेवल्या की काप बरोब्बर तिथेच पडणार. माझ्या टीपॉयच्या पायाचा कोन नंतर गंमत म्हणून काढला तर साधारण पावणेतीन अंश आला, पण तो आकडा मला एकदाही वापरावा लागला नाही. प्रोट्रॅक्टर पोराच्या दप्तरातच राहू द्या.

सामान

बेससाठी १२ मिमी प्लाय, साधारण ६५० बाय २५० मिमी. अख्खी ८ बाय ४ ची शीट घेऊ नका, प्लायच्या दुकानात कापलेले तुकडे पडलेले असतात ते मागा, पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर मारली तरी भागतं. प्लाय सपाट पाहिजे ही एकच अट. दुकानातच जमिनीवर ठेवून चारही कोपरे दाबून बघा, डुगडुगलं तर दुसरा घ्या, दुकानदार वैतागला तर वैतागू दे. ७१० आणि ३०३ हे आयएस (भारतीय मानक) नंबर प्लायवर छापलेले दिसतील, ७१० म्हणजे मरीन आणि ३०३ म्हणजे नेहमीच्या वापराचा, आपल्याला ३०३ वाला पुरतो. एमडीएफ मात्र नको, पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि आपलं सगळं जिगच कडेच्या भरवशावर आहे.

फेन्ससाठी १८ मिमी प्लायच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ४५० बाय ७५, एकमेकींवर फेव्हिकॉलने चिकटवून ३६ मिमी जाड करायच्या. इतकी जाड कशाला? एकतर क्लॅम्प तिच्यावरच बसणार आहेत, आणि ४० मिमीच्या पायाला बाजूने चांगला आधार मिळतो.

रनरसाठी सागवानाची पट्टी चालते, पण माझा अनुभव असा की जूनमध्ये ती फुगून अडकते आणि मार्चमध्ये खुळखुळते. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा जाड चॉपिंग बोर्ड घ्या, त्यातनं पट्टी फाडा. तो ओलाव्याने फुगत नाही आणि लोण्यासारखा सरकतो. बोर्ड लांबीला कमी पडला तर दोन तुकडे एका रेषेत लावा. फक्त घरात विचारून घ्या, नवा बोर्ड आणला तरी जुन्याचा हिशोब द्यावा लागतो.

बाकी दोन टॉगल क्लॅम्प, आडव्या दांडीचे. एम-६ चे ६० मिमी लांबीचे दोन बोल्ट, वॉशर आणि दोन कान असलेले विंग नट. बारा-पंधरा स्क्रू, १२० नंबरचा पॉलिश पेपर, एक मेणबत्ती. आणि हाताला धरायला एक हँडल. मी जुन्या कुकरचं लावलंय, पकड एक नंबर आहे. हार्डवेअर मी बोहरी आळीतनं आणतो, तिथे दोन बोल्ट मागितले तरी कोणी तोंड वाकडं करत नाही.

मशीन आधी तपासा

प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर स्केचपेनने खूण करा. तो दात पुढे आणून माइटर स्लॉटच्या कडेपासूनचं अंतर गुण्याने (काटकोनी पट्टीने) किंवा कॉम्बिनेशन स्क्वेअरने बघा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन परत बघा. दोन्हीकडे पट्टी सारखीच टेकली पाहिजे. फरक जाणवत असेल तर आधी मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे ब्लेड स्लॉटला समांतर करून घ्या, नाहीतर जिग कितीही मनापासून बनवा, काप जळका येणार. ब्लेड टेबलला काटकोनात आहे का तेही त्याच गुण्याने बघा, मशीनवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका.

ब्लेड २४ ते ४० दातांचं लावा. आपण लाकूड लांबीच्या दिशेनेच फाडतोय, ६० दातांचं बारीक ब्लेड इथे लाकूड जाळतं.

रनर

स्लॉटची रुंदी-खोली व्हर्नियरने मोजा. पाऊण इंच रुंद, तीन सूत खोल, म्हणजे १९ बाय साडेनऊ मिमी हे नेहमीचं माप, पण छोट्या मशीनमध्ये वेगळं पण असतं, म्हणून माझं माप घेऊन कापू नका. पट्टी रुंदीला अशी पाहिजे की बोटाने ढकलली की सरकेल पण बाजूला हलवली तर हलणार नाही. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि इथेच वेळ द्यायचा असतो. थोडी जाड कापा, मग पॉलिश पेपर सपाट टेबलवर ठेवून त्यावर पट्टी घासत घासत मापाला आणा. उंचीला मात्र स्लॉटच्या खोलीपेक्षा एक मिमी कमी ठेवा, नाहीतर तळाला भुस्सा साठला की जिग वर उचललं जाईल.

आता ती बेसला चिकटवायची कशी? स्लॉटमध्ये खाली तीन-चार एम-६ चे वॉशर ठेवा, त्यावर पट्टी, म्हणजे ती टेबलच्या किंचित वर येईल. कमी वाटलं तर वॉशरवर वॉशर. परदेशी व्हिडिओत इथे नाणी ठेवतात, आपलं रुपयाचं नाणं या स्लॉटमध्ये आडवं बसत नाही, मी करून बघितलंय. पट्टीवर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा, बेस वरून अलगद ठेवा. बेसची उजवी कड ब्लेडच्या रेषेच्या पलीकडे पाच-सहा मिमी जाईल अशी जागा धरा, आणि मागची कड टेबलच्या कडेला समांतर दिसू द्या. दाबा, उचला, उलटं करा, आणि खालून स्क्रू मारा. स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडायला विसरू नका, नाहीतर पट्टी स्क्रूजवळ फुगते आणि मग ती स्लॉटमध्ये जाणार नाही. डोकी पट्टीच्या आत बुडाली पाहिजेत. आणि स्क्रूची लांबी! १२ मिमी प्लाय आणि ८ मिमी पट्टी, म्हणजे १६ मिमीचा स्क्रू बास. मी पहिल्यांदा २५ चा मारला आणि बेसच्या वर टोकं आली, अशी की हात फिरवला तर रक्त.

शेवटी रनरला मेणबत्ती घासा. फरक तुम्हाला लगेच कळेल.

कड कापणं

सगळ्यात मजेशीर भाग. टेबल सॉची स्वतःची फेन्स काढून बाजूला ठेवा, ती या कामात लागत नाही. ब्लेड २० मिमी वर घ्या, मशीन चालू करा, जिग पुढनं मागे एका दमात सरळ न्या. पाच-सहा मिमीची बारीक पट्टी सुटून पडेल. ही झाली तुमची कड. हिला जपा, पाडू नका, कोपरे ठेचू देऊ नका. पुढे कधी कमी-जास्त जाडीचं ब्लेड लावलंत तर ही कड खरी राहील असं नाही, तेव्हा एकदा तपासून घ्या.

फेन्स आणि क्लॅम्प

फेन्सच्या दोन्ही टोकांपासून ४० मिमीवर एकेक आडवी फट पाडायची, ७ मिमी रुंद, ४५ मिमी लांब. राउटर नसेल तर फटीच्या दोन टोकांना ड्रिलने भोकं पाडा आणि मधलं जिगसॉने कापा, आतून थोडी खडबडीत राहिली तरी चालते. बेसमध्ये त्याच अंतरावर ६ मिमीची दोन भोकं, आणि खालच्या बाजूने बोल्टचं डोकं पूर्ण बुडेल एवढा खड्डा, साधारण ५ मिमी खोल. डोकं अर्धा मिमी जरी बाहेर राहिलं तरी टेबलवर ओरखडे उठतील आणि जिग डुगडुगेल. बोल्ट खालून वर, फेन्स त्यात अडकवायची, वॉशर, विंग नट. आता फेन्स पुढेमागे आणि तिरकी दोन्ही हलते.

फेन्सच्या मागच्या टोकाला, म्हणजे तुमच्याकडच्या, एक ठोकळा स्क्रूने बसवा. पायाचं वरचं टोक याला टेकणार. हा ठोकळा बेसला न लावता फेन्सलाच लावायचा म्हणजे फेन्स हलवली की तोही बरोबर येतो. ठोकळ्याची आणि फेन्सची खालची कड रंध्याने किंवा कानशीने जराशी तासून ठेवा, दोन मिमी पुरे. तिथे भुस्सा जाऊन बसतो आणि पाय नीट टेकतो. ही तासलेली कड नसेल तर दर कापानंतर ब्रश मारावा लागतो आणि एकदा तरी विसरायला होतंच.

टॉगल क्लॅम्प फेन्सवर, एक मागच्या टोकाजवळ, एक पुढून तिसऱ्या हिश्श्यावर. दांडी पायाच्या मध्यावर पोचली पाहिजे पण बेसच्या कडेच्या बाहेर जाता कामा नये. बाहेर गेली तर कार्बाइडचं ब्लेड आणि लोखंडी दांडी यांची भेट होईल. बेसवर पाय टेकतो तेवढ्या जागेत पॉलिश पेपर चिकटवा, पकडीला. हँडल डाव्या कडेला, कापाच्या रेषेपासून निदान १५० मिमी लांब.

जिग झालं. मला पहिल्यांदा एक अख्खा रविवार लागला, त्यात दोन तास रनर घासण्यात.

पाय तयार करणं आणि खुणा

माझ्या टीपॉयची मापं सांगतो. पाय ४२० मिमी लांब, ४० बाय ४०. वरच्या आडव्या पट्ट्या ७५ मिमी रुंद. निमुळता भाग वरून ९० मिमीवर सुरू, म्हणजे आडवी पट्टी जिथे येऊन भिडते ती जागा सरळच राहते. खालचं टोक २४ मिमी. म्हणजे ३३० मिमीत १६ मिमी लाकूड जाणार.

दोन गोष्टी आधीच झालेल्या पाहिजेत. एक, चारही पाय जाडीला आणि लांबीला अगदी सारखे, कारण जिग पायाला ठोकळ्यापासून आणि फेन्सपासून मोजतं, पाय कमी-जास्त तर टेपर (निमुळतेपणा) कमी-जास्त. दोन, आडव्या पट्ट्यांच्या खाचा आत्ताच पाडून घ्या. पाय निमुळता झाल्यावर तो नीट सपाट धरता येत नाही आणि मग पटाशी घेऊन रडत बसावं लागतं.

आता खुणा. चारही पाय टीपॉयमध्ये उभे राहणार तसे एकत्र उभे करा, रबर बांधा, आणि वरच्या टोकांवर मिळून एक गोल काढा. प्रत्येक पायाच्या वाट्याला पाव गोल येईल, तो ज्या कोपऱ्यात आहे तो आतला कोपरा, त्याच्या दोन बाजूच कापायच्या. त्या दोन्ही बाजूंवर खडूने फुली मारा. मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं, म्हटलं चार तर पाय आहेत, लक्षात राहील. तीन पाय आतून निमुळते झाले आणि चौथा एका बाजूने बाहेरून. जोडून होईपर्यंत मला कळलंच नाही, आई म्हणाली, "हा एक पाय कुठेतरी निघालाय का?" तेव्हा दिसलं. तो टीपॉय आता गच्चीवर कुंड्यांखाली आहे.

सेटिंग

प्लग काढलेलाच. एकाच पायावर दोन खुणा लागतात, बाकी तिघांना नाही. पहिली खूण कापायच्या बाजूवर, वरून ९० मिमीवर आडवी रेष. दुसरी खालच्या टोकावर, म्हणजे तळव्यावर: कापायच्या बाजूपासून १६ मिमी आत, गुण्याने वरपासून खालपर्यंत उभी रेष.

पाय बेसवर ठेवा, तळवा पुढे, ब्लेडकडे, आणि वरचं टोक तुमच्याकडे. तळव्याच्या बाजूने ब्लेड लाकडात सरळ समोरून शिरतं. उलटं ठेवलं तर ते बाजूला तिरकं घासत शिरतं आणि सुरुवातीला थोडं ढकललं जातं. तळव्यावरची उभी रेष खाली बेसच्या कडेवर आणा. ९० मिमीच्या खुणेपाशी पायाची खालची धार बेसच्या कडेला छेदली पाहिजे. या दोन जागा जुळल्या की बाकीचं जुळलेलंच असतं. पडताळा हवा असेल तर पायाचं वरचं टोक बघा, ते कडेपासून चारेक मिमी आत गेलेलं दिसेल. आत न जाता बाहेर आलं असेल तर कुठेतरी घोळ आहे, परत बघा.

आता फेन्स सरकवून पायाला भिडवा, ठोकळा वरच्या टोकाला टेकवा, विंग नट आवळा. आवळताना फेन्स हमखास जराशी फिरते, म्हणून दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा आणि परत एकदा खुणा बघा. क्लॅम्प लावा. क्लॅम्पच्या रबरी टोकाचा नट असा फिरवा की दांडी खाली करताना अंगठ्याला जोर लागेल. सहज बसला तर तो क्लॅम्प नुसता शोभेचा.

काप

आधी एक पाय पाइनचा करा. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, पण त्यातले खिळे. लोहचुंबक फिरवून घ्या, मोडलेला खिळा आत राहिलेला वरून दिसत नाही.

चष्मा, कानाला मफ, तोंडाला मास्क. ग्लोव्ह्ज अजिबात नाहीत, ब्लेडने ग्लोव्ह ओढला तर त्याच्याबरोबर हातही जातो. बाह्या वर, ओढणी असेल तर काढून ठेवा, मनगटात राखी, गंडा, दोरा काही असेल तर तोही. रायव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडच्या मागची काप मिटू न देणारी पाती, जागेवरच राहू द्या, ब्लेड गार्ड क्लॅम्पला अडत नसेल तर तोही. दहा इंची ब्लेड ३६५० आरपीएमला फिरत असेल तर दाताचा वेग ताशी १७५ किलोमीटर होतो, म्हणून ब्लेडच्या थेट मागे उभं राहायचं नाही, जरा डावीकडे.

आणि एक आपल्याकडची खास गोष्ट. मधेच लाइट गेली तर पहिल्यांदा स्विच बंद करा, मग बाकी सगळं. बऱ्याच लोकल मशीनला साधा स्विच असतो, लाइट आली की ब्लेड आपोआप फिरायला लागतं, आणि नेमके तेव्हा आपण वाकून "काय झालं" म्हणून बघत असतो. लाइट गेली की स्वतःच बंद होणारा नो-व्होल्ट स्विच बसवून मिळतो, बसवून घ्या.

ब्लेडची उंची पायापेक्षा पाच-सहा मिमी जास्त. बेस १२ आणि पाय ४०, म्हणजे टेबलपासून ५८ च्या आसपास. मशीन चालू करा, ब्लेडला पूर्ण वेग येऊ द्या, जिग टेबलला दाबून एकसारख्या गतीने पुढे न्या. थांबू नका, थांबलात की जळल्याचा काळा डाग, सागवानात तर हमखास. आवाज जड झाला तर वेग थोडा कमी, बस. काप संपला की जिग लगेच मागे ओढायचं नाही. पाय पूर्ण ब्लेडच्या पलीकडे जाऊ द्या, मशीन बंद, ब्लेड थांबेपर्यंत हात हँडलवरच. सुटलेली पाचर ब्लेडच्या उजवीकडे पडलेली असते, ती बोटाने उचलायचा मोह फार होतो. ब्लेड थांबल्यावरच उचला. टेबल सॉची फेन्स काढायला सांगितली होती ती याचसाठी, ती जागेवर असती तर पाचर ब्लेड आणि फेन्सच्या मधे अडकून बाणासारखी मागे आली असती.

आता दुसरी बाजू. पाय फिरवताना लक्षात ठेवायचं: कापलेली बाजू वर, आकाशाकडे. म्हणजे खाली आणि फेन्सला दोन्हीकडे न कापलेल्या, चौरस बाजूच टेकतात आणि सेटिंगला हात लावावा लागत नाही. फुली मारलेली दुसरी बाजू उजवीकडे आली का ते बघा. पुढचा क्लॅम्प मात्र आता हवेत राहील कारण तिथे पाय खाली उतरलाय. क्लॅम्पचं सेटिंग बदलत बसू नका, मघाशी सुटलेली पाचरच पायावर परत ठेवा आणि तिच्यावर क्लॅम्प दाबा. ब्लेडने खाल्लेल्या तीनेक मिमीचा फरक राहतो, त्यासाठी पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे. पाचर आणि पुठ्ठा कापाच्या रेषेच्या आत ठेवा.

चार पाय, आठ काप, सगळं मिळून वीस मिनिटं. ब्लेडच्या रेघा राहतात त्या रंध्याच्या दोन हातांत जातात, रंधा जाडाकडून निमुळत्याकडे चालवा, उलटा चालवला तर लाकडाचे तंतू उचकटतात. मग १२० आणि १८० चा पॉलिश पेपर.

कोणाचं मशीन वेगळं असेल तर

बऱ्याच जणांकडे प्लायच्या टेबलखाली उलटा बसवलेला हातातला सर्क्युलर सॉ असतो, त्याला स्लॉट नसतो. तिथे रनर सोडून द्या, बेस रुंद ठेवा, डावी-उजवी कड एकमेकींना समांतर पाहिजे, आणि टेबलच्या फेन्सला घासत जिग न्या. पाचर मोकळ्या बाजूलाच पडते त्यामुळे तो धोका नाही. फक्त फेन्स दर वेळी त्याच जागी लॉक झाली पाहिजे, आणि जिग तिच्यापासून सुटू द्यायचं नाही. अशा सेटअपला रायव्हिंग नाइफ बहुतेक वेळा नसतो, तो नसेल तर मी तरी हे काम त्यावर करणार नाही.

चारही बाजूंनी निमुळते पाय हवे असतील तर पहिले दोन काप असेच. तिसऱ्याला फेन्सला कापलेली बाजू टेकते, त्यामुळे खुणा करून सेटिंग नव्याने. चौथ्याला तर खाली टेकायला सपाट बाजूच उरत नाही, तिथे सुटलेली पाचर खाली टेकू म्हणून टेपने चिकटवायची, पुठ्ठ्याची भर घालून. पहिल्याच टीपॉयला याच्या नादी लागू नका. आतून दोन बाजू केल्या तरी समोरून कोणाला कळत नाही.

जिग उभं करून भिंतीला टेकवून ठेवू नका, बेसला बाक येतो, एक भोक पाडून खिळ्याला टांगा. आठ पाचरी सुटतील, त्या टाकू नका, अर्ध्या कापून दारांखाली घालायला उत्तम होतात. माझ्याकडच्या सहा वरच्या मजल्यावरच्या काकू घेऊन गेल्या, त्यांच्याकडे दुपारच्या वाऱ्याने दारं आपटतात.